मास स्पेक्ट्रममध्ये ७२० आलं, पण २००ची रेषा गायब: हे सी-६० आहे का?

सी-६० म्हणजे साठ कार्बन अणूंचा फुटबॉलसारखा पोकळ पिंजरा. त्याबद्दलचा तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. विभागातल्या यंत्रात हेलियम भरून ग्राफाइटच्या कांड्यांमध्ये आर्क मारला, काजळी खरवडून टोल्युइनमध्ये ढवळली, गाळल्यावर जांभळट द्रावण मिळालं आणि ते आटवून काळपट भुकटी उरली. मास स्पेक्ट्रममध्ये ७२०ला मोठं शिखर आहे. एक्सआरडीत (क्ष-किरण विवर्तनात) १०.८, १७.७ आणि २०.८ अंशांना स्वच्छ रेषा आहेत, पण १२.५ अंशांना, म्हणजे एफसीसी जाळीची (घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यावर रेणू असलेली मांडणी) २००ची रेषा (असे आकडे म्हणजे स्फटिकातल्या प्रतलांची नावं) जिथे यायला हवी तिथे, काहीच नाही. मार्गदर्शकांचं म्हणणं पडलं की नमुना बिघडलाय, पुन्हा करा. तुम्हाला दोन गोष्टी विचारायच्या आहेत: प्रबंधात "सी-६०ची अणुरचना सिद्ध झाली" असं लिहिता येईल का, आणि साठाहून कमी अणूंचे कार्बनसमूहही असेच पिंजरे असतात का?

नमुना टाकू नका. २००ची रेषा नसणं हा बिघाड नाही. तुम्ही जे मोजलंय त्यात रेणूच्या आकाराबद्दल सगळ्यात जास्त सांगणारी गोष्ट तीच आहे, ७२०चं शिखर नव्हे. मात्र तुम्ही लिहू पाहताय ते वाक्य तुमच्या मोजमापांपेक्षा बरंच मोठं आहे.

इथे तीन वेगवेगळे दावे एकमेकांत मिसळलेत. भुकटीत सी-६० आहे, हा एक. भुकटी मुख्यतः सी-६०च आहे, हा दुसरा. सी-६०मध्ये कुठला अणू कुठे बसलाय हे आपण ठरवलं, हा तिसरा. प्रत्येकाला लागणारा पुरावा निराळा. तुमच्याकडे किती मिलिग्रॅम माल आहे, तो कसा वाळवला, मास स्पेक्ट्रम कुठल्या पद्धतीने घेतला यावरही उत्तर बदलेल. यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून जिथे "अवलंबून आहे" म्हणावं लागेल तिथे तसंच म्हणतो.

सुरुवात ७२०पासून. बारा गुणिले साठ म्हणजे सातशेवीस, इथवर वाद नाही. पण वस्तुमान मोजणारं यंत्र अणूंची संख्या सांगतं, त्यांची मांडणी सांगत नाही. याचा अनुभव या क्षेत्राने अगदी सुरुवातीलाच घेतलाय. १९८४मध्ये एक्सॉन कंपनीच्या प्रयोगशाळेत रोल्फिंग, कॉक्स आणि काल्डोर यांनी लेझरने ग्राफाइटची वाफ करून कार्बनचे समूह मोजले. साधारण चाळीस अणूंच्या पुढे फक्त सम संख्येचे समूह दिसत होते, आणि त्यात साठाचं शिखर शेजाऱ्यांपेक्षा थोडं उंचही होतं. आकृती डोळ्यांसमोर होती, रचना कुणाला दिसली नाही. पुढच्या वर्षी सप्टेंबरात ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, स्मॉली, कर्ल आणि हीथ, ओब्रायन हे विद्यार्थी यांनी हेलियमचा दाब आणि वेळ बदलत नेली तेव्हा साठाचं शिखर बाकी सगळ्यांच्या वर निघालं. इतका टिकाऊ समूह कुठल्या आकाराचा असेल यावर त्यांनी छाटलेल्या विंशतिफलकाची, म्हणजे बारा पंचकोन आणि वीस षट्कोनांच्या घनाची, कल्पना मांडली. त्या लेखात आकार दाखवायला गवतावर ठेवलेल्या फुटबॉलचा फोटो छापला होता, कारण दाखवायला दुसरं काही नव्हतंच. हातात होतं एकच शिखर. कल्पना बरोबर निघाली, त्याबद्दल १९९६चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं, पण १९८५मध्ये ती कल्पनाच होती आणि पुढची पाच वर्षं तिच्यावर शंका घेणारे लोक बिनबुडाचं बोलत नव्हते.

फक्त सम संख्या का, हे एकदा स्वतः कागदावर करून बघा. बंद पिंजऱ्यात प्रत्येक कार्बन तीन शेजाऱ्यांना जोडलेला असतो. n अणू असतील तर बंध ३n/२, म्हणजे n सम असायलाच हवा. आता पिंजऱ्यात फक्त पंचकोन आणि षट्कोन आहेत असं धरा आणि ऑयलरचं सूत्र लावा: शिरोबिंदू वजा कडा अधिक पृष्ठं बरोबर दोन. पृष्ठांची संख्या n/२ + २ निघते. प्रत्येक अणू तीन पृष्ठांत मोजला जातो, म्हणून पाच गुणिले पंचकोन अधिक सहा गुणिले षट्कोन बरोबर ३n. दोन्ही समीकरणं सोडवली की n नाहीसा होतो आणि पंचकोन बारा उरतात. पिंजरा साठाचा असो, सत्तरचा असो की पाचशे चाळीसचा, पंचकोन बाराच. पंचकोन एकमेकांना चिकटले की बंधांवर ताण येतो. बाराही पंचकोन सुटे ठेवायचे तर कमीत कमी साठ अणू लागतात, आणि साठात तसं करायची रीत एकच आहे. त्यानंतर थेट सत्तर. साठ आणि सत्तर या दोन शिखरांचं कोडं इथे उलगडतं. पण हे स्पष्टीकरण आहे, मोजमाप नाही.

तुमच्या ७२०च्या शिखरातून अजून एक गोष्ट काढता येते आणि बहुतेक विद्यार्थी ती सोडून देतात. निसर्गातल्या कार्बनमध्ये सुमारे १.१ टक्का कार्बन-१३, म्हणजे एका एककाने जड कार्बन, असतो. साठ कार्बनचा रेणू असेल तर ७२१चं शिखर ७२०च्या साधारण ६५ टक्के उंच असायला हवं, आणि ७२२चं वीस टक्क्यांच्या थोडं वर. तुमच्या आलेखात तो भाग ताणून बघा. प्रमाण जुळत असेल तर रेणूत खरोखर साठच्या आसपास कार्बन आहेत. ७२१ खूप बुटकं असेल तर दुसऱ्याच कशाचं तरी वस्तुमान योगायोगाने ७२० आलंय.

आणि सावध राहायची एक जागा. मास स्पेक्ट्रम लेझर मारून घेतला असेल तर ७२० दिसलं म्हणून ते मूळ भुकटीत होतंच असं ठरत नाही. लेझरच्या झोतात कुठल्याही कार्बनयुक्त मालाची वाफ होते आणि त्या वाफेत सी-६० नव्याने तयार होऊ शकतो. ह्यूस्टनला घडलं ते नेमकं हेच. त्यामुळे लेझरची शक्ती शिखर जेमतेम दिसेल इतकी खाली आणून पुन्हा मोजा. शक्ती वाढवली की ७२०च्या वर चोवीस-चोवीसच्या अंतराने शिखरांची रांग उगवत असेल, तर तुम्ही नमुना मोजत नाही, नमुन्याची वाफ मोजताय. तुमच्या बाबतीत टोल्युइनचं जांभळं द्रावण हा चांगला आधार आहे, कारण साधी काजळी टोल्युइनमध्ये विरघळत नाही. द्रावणाचा यूव्ही-व्हिजिबल वर्णपट (अतिनील आणि दृश्य प्रकाश किती शोषला जातो त्याचा आलेख) घ्या, पण त्यासाठी थोडा माल हेक्झेनमध्ये घ्या. टोल्युइन स्वतःच २८५ नॅनोमीटरच्या खालचं सगळं शोषून घेतं आणि सी-६०चं २५६चं ठळक शिखर झाकून टाकतं. हेक्झेनमध्ये २५६ आणि ३२८ दोन्ही दिसले पाहिजेत. रंग जांभळ्यापेक्षा तांबूस वाटत असेल तर सी-७० बऱ्यापैकी मिसळलंय असं समजा. आर्कच्या काजळीत ते नेहमीच येतं, आणि स्तंभ लावून (क्रोमॅटोग्राफीने) वेगळं केल्याशिवाय जात नाही.

आता रचनेकडे येऊ. १९९०मध्ये हायडेलबर्गचे क्रेश्मर आणि ॲरिझोनाचे हफमन यांनी विद्यार्थ्यांसह हेलियममध्ये ग्राफाइट तापवून केलेल्या काजळीत चार अवरक्त रेषा पकडल्या: ५२८, ५७७, ११८३ आणि १४२९ प्रति सेंटिमीटर. सी-६०ला कंपनाच्या १७४ तऱ्हा आहेत, पण आकार इतका सममित की वारंवारता निराळ्या फक्त ४६, आणि त्यातल्या अवरक्त प्रकाशाला दिसणाऱ्या चारच. कार्बन-१३ वापरून काजळी केली तेव्हा चारही रेषा अपेक्षित प्रमाणात सरकल्या, म्हणजे त्या शुद्ध कार्बनच्याच होत्या. मग त्यांनी तो भाग बेंझीनमध्ये विरघळवून स्फटिक मिळवले, आणि कार्बनचा नवा घनपदार्थ पहिल्यांदा कुपीत भरून ठेवता आला. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात क्रोटो यांच्या गटाला एनएमआरमध्ये (चुंबकीय अनुनादाची ही चाचणी निराळ्या परिस्थितीतले अणू निराळ्या रेषांनी दाखवते) सी-६०ची एकच रेषा मिळाली, १४३ पीपीएमच्या आसपास: साठही अणू एकसारख्या परिस्थितीत. सी-७०च्या पाच रेषा आल्या, दहा, दहा, दहा, वीस आणि वीस अणूंच्या. माझ्या मते त्या पाच रेषा जास्त पटवणाऱ्या आहेत. एक रेषा बऱ्याच कारणांनी येऊ शकते, पण नेमक्या याच प्रमाणात पाच रेषा लांबट पिंजऱ्याशिवाय दुसऱ्या कशातून काढून दाखवणं अवघड आहे.

थोडं विषयांतर करतो, कारण ही गोष्ट मला फार आवडते. क्रोटो ह्यूस्टनला गेले ते ताऱ्यांभोवती दिसणाऱ्या कार्बनच्या लांब साखळ्यांचं कोडं घेऊन. २०१०मध्ये स्पिट्झर दुर्बिणीने टीसी-१ नावाच्या ग्रहीय तेजोमेघात (मरत्या ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूच्या ढगात) अवरक्त रेषा मोजल्या: ७.०, ८.५, १७.४ आणि १८.९ मायक्रोमीटर. हे आकडे प्रति सेंटिमीटरमध्ये बदलून बघा. हायडेलबर्गच्या काजळीतल्याच त्या चार रेषा आहेत.

पण रेषा मोजून आकार ठरतो का? पाठ्यपुस्तकं इथे घाई करतात. एक एनएमआर रेषा आणि चार अवरक्त रेषा ही सममितीची मोजदाद आहे. साठ शिरोबिंदूंचा आणि तीच सममिती असलेला आणखी एक घन आहे, छाटलेला द्वादशफलक: वीस त्रिकोण आणि बारा दशकोन. त्यातही प्रत्येक शिरोबिंदू तीन शेजाऱ्यांना जोडलेला आणि साठही एकसारखे. त्याचीही एनएमआर रेषा एकच येईल आणि अवरक्त रेषा चारच येतील. कार्बनचे त्रिकोण प्रचंड ताणलेले असतात म्हणून रसायनशास्त्रज्ञ तो आकार लगेच बाजूला सारेल, आणि ते बरोबरही आहे. तरी तो तर्क झाला. मोजमापाने बाजूला सारायचा असेल तर रेणूची त्रिज्या लागते. ती तुमच्या एक्सआरडीत आहे.

तुमच्या तीन रेषांवरून जाळीचं माप काढा. १०.८ अंश ही १११ची रेषा, तिच्यातून घनाची बाजू १४.१८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) येते. १७.७ म्हणजे २२०, तिच्यातून १४.१६. २०.८ म्हणजे ३११, तिच्यातून १४.१५. छापील माप १४.१७ आहे. एका घनात चार रेणू बसवले तर घनता १.६८ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर येते, ग्राफाइटच्या २.२६पेक्षा बरीच कमी. आतून पोकळ रेणू रचल्यावर असंच व्हायला हवं. शेजारच्या दोन रेणूंच्या केंद्रांतलं अंतर १०.०२ अँगस्ट्रॉम.

एफसीसी जाळीत २००ची रेषा वर्ज्य नसते. तांब्यात, ॲल्युमिनियममध्ये ती ठसठशीत येते. मग तुमच्याकडे कुठे गेली? खोलीच्या तापमानाला सी-६०चे रेणू जाळीतल्या आपापल्या जागी राहूनच गरगर फिरत असतात, पिकोसेकंदांच्या हिशोबात दिशा बदलत. क्ष-किरणांना साठ सुटे अणू दिसत नाहीत, एक पातळ गोल कवच दिसतं. अशा कवचातून होणाऱ्या विखुरण्याचा जोर साइन (क्यूआर) भागिले क्यूआर इतका असतो. आर ही कवचाची त्रिज्या, आणि क्यू हे रेषेच्या जागेवरून ठरणारं माप. २००साठी क्यू म्हणजे ४π भागिले १४.१७, बरोबर ०.८८७ प्रति अँगस्ट्रॉम. त्याला ३.५५ने गुणा. ३.१५ येतं. पाय म्हणजे ३.१४, आणि साइन पाय शून्य. जाळी त्या जागी रेषा द्यायला तयार आहे, पण प्रत्येक रेणूचं कवच स्वतःतलंच विखुरणं तिथे पुसून टाकतं. ४००ची रेषा बघा, २५.१ अंशांच्या आसपास. तिथे क्यूआर दोन पायच्या जवळ पडतो, म्हणून तीही जवळजवळ गायब असायला हवी. दोन्ही जागा रिकाम्या असतील तर कवचाची त्रिज्या ३.५५ अँगस्ट्रॉमच्या आसपासच आहे, फारशी इकडेतिकडे नाही.

आता ही त्रिज्या दोन्ही आकारांना लावून बघा. सरासरी बंध १.४३ अँगस्ट्रॉम धरला तर छाटलेल्या विंशतिफलकाची त्रिज्या ३.५४ येते. छाटलेल्या द्वादशफलकाची ४.२५. तसं असतं तर २००ची रेषा सहज दिसली असती. शिवाय साडेआठ अँगस्ट्रॉम व्यासाचे रेणू १०.०२ अंतरावर ठेवले तर कवचांमधली फट दीड अँगस्ट्रॉम उरते, आणि एकमेकांना न जोडलेले कार्बन इतक्या जवळ येऊच शकत नाहीत. तुमच्या मार्गदर्शकांना हा हिशोब कागदावर मांडून दाखवा. रेषा नाही म्हणून नमुना वाईट, हा निष्कर्ष तांब्याच्या भुकटीला लागू होईल, या भुकटीला नाही.

नमुना खरोखर खराब आहे का, हे दुसऱ्याच ठिकाणी कळतं. १११च्या रेषेच्या डाव्या पायथ्याशी, १०.२ अंशांच्या आसपास बघा. तिथे खांदा किंवा छोटी रेषा असेल तर थरांची रचना काही भागात एबीसीऐवजी (तीन थरांनंतर पुन्हा पहिला) एबीएबी (एकाआड एक थर सारखा) पडली आहे, म्हणजे षट्कोनी रचनेची भेसळ आहे. द्रावणातून आटवलेल्या मालात हे हमखास होतं. १९९०च्या पहिल्या स्फटिकांचीही मांडणी या दोषामुळे षट्कोनी म्हणूनच वाचली गेली होती. वाफेतून वाढवलेले स्वच्छ स्फटिक हाती आल्यावर एफसीसी पक्कं झालं. टोल्युइन अडकून राहिलं असेल तर ओळखीच्या न वाटणाऱ्या जास्तीच्या रेषाही येतात. आमच्याकडे आटवलेला माल निर्वातात दोनशे-अडीचशे अंश सेल्सिअसला रात्रभर ठेवल्याशिवाय एक्सआरडीला लावत नाही. २६.५ अंशांना रेषा दिसली तर ते ग्राफाइट, गाळताना निसटून आलेलं. कुपी अंधारात ठेवा. उजेडात आणि हवेत सी-६० ऑक्सिजन धरून ठेवतो.

शीतन असलेलं यंत्र वापरायला मिळालं तर एक सुंदर प्रयोग करता येईल. सुमारे २६० केल्विनच्या खाली रेणूंचं मोकळं फिरणं थांबतं. ते ठरावीक दिशांना तोंड करून बसतात, जाळी एफसीसीची साधी घनाकार होते आणि आधी नसलेल्या बारीक रेषा उगवतात. नमुना २०० केल्विनपर्यंत नेऊन परत आणा. रेषा थंडीत येत असतील आणि गरम केल्यावर जात असतील, तर रेणू गोलसर आहेत आणि फिरतात याचा याहून थेट पुरावा तुमच्या पातळीवर मिळणार नाही.

इतकं करूनही तुम्ही कवचाची त्रिज्या मोजलेली असेल, बंध नाहीत. पंचकोन कुठे, षट्कोन कुठे हे फिरत्या कवचात दिसत नाही. ते दिसायला रेणूला थांबवावं लागतं. बर्कलीच्या जोएल हॉकिन्स यांनी १९९१मध्ये सी-६०ला एका बाजूने ऑस्मियमचा गट जोडला. त्यामुळे रेणूला मूठ आल्यासारखं झालं, स्फटिकात तो एका दिशेने अडकला आणि अणूंच्या जागा एकेक करून वाचता आल्या. त्याच वर्षी इंग्लंडमधल्या रदरफर्ड ॲपल्टन प्रयोगशाळेत ५ केल्विनला न्यूट्रॉन विवर्तन झालं. बंध दोन प्रकारचे निघाले: दोन षट्कोनांमधल्या सामाईक कडेवरचे तीस, १.४० अँगस्ट्रॉमच्या आसपास, आणि पंचकोनाच्या कडेवरचे साठ, १.४५च्या आसपास. ग्राफाइटमधला बंध १.४२ आहे, हिऱ्यातला १.५४. आखूड बंध दुहेरी स्वभावाचे असतात आणि सी-६०चं जवळजवळ सगळं रसायनशास्त्र त्यांच्यावरच घडतं. थंडीत शेजारी शेजारी बसताना एका रेणूचा आखूड बंध दुसऱ्याच्या पंचकोनाकडे तोंड करतो. इलेक्ट्रॉन जास्त असलेला भाग इलेक्ट्रॉन कमी असलेल्या भागासमोर. घनपदार्थाची मांडणी ठरते ती इतक्या छोट्या फरकावर.

रामन वर्णपट (नमुन्यावरून विखुरलेल्या लेझरच्या प्रकाशाचा) घेणार असाल तर एक सूचना. १४६९ प्रति सेंटिमीटरची तीव्र रेषा शोधा, पण लेझर अगदी मंद ठेवा. प्रकाश जास्त झाला की शेजारच्या रेणूंचे आखूड बंध एकमेकांत जुळतात, चार कार्बनचं कडं तयार होतं आणि रेषा १४५९च्या आसपास घसरते. बरेच जण याला अशुद्धी समजतात. ते डोळ्यांदेखत तयार झालेलं बहुवारिक आहे. टोल्युइनमध्ये विरघळत नाही, आणि दोनशे अंशांच्या आसपास तापवलं की परत सुट्या रेणूंचं होतं.

"कार्बनचे नवे घनपदार्थ" हा जो भाग तुम्ही प्रस्तावनेत घेताय, तो इथूनच सुरू होतो. एफसीसी मांडणीत दर रेणूमागे एक मोठी आणि दोन लहान पोकळ्या असतात. तिन्हींत पोटॅशियम भरलं की १८ केल्विनच्या खाली अतिसंवाहक होणारा पदार्थ मिळतो. बेल लॅब्जमध्ये १९९१मध्ये हे झालं. रुबिडियमने हा आकडा सुमारे २९वर गेला, कारण मोठा अणू पिंजऱ्यांना थोडं दूर सारतो. सीझियमने दाबाखाली ३८ केल्विन गाठलं, २००८मध्ये. दर रेणूमागे सहा पोटॅशियम अणू भरले तर जाळीच बदलते आणि पदार्थ विद्युतरोधक होतो. २०२२मध्ये बीजिंगच्या गटाने मॅग्नेशियमच्या मदतीने सी-६०चे पिंजरे एकमेकांना बंधांनी जोडून एकाच रेणूच्या जाडीचा पत्रा वेगळा केला. माझ्या दृष्टीने गेल्या काही वर्षांतलं या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं काम ते आहे, कारण त्यात पिंजरा हाच अणूसारखा वापरलाय. याउलट संगणकावर मांडलेले कार्बनचे प्रकार शेकड्यांनी आहेत. प्रस्तावनेत त्यांची यादी करू नका. ज्यांचं विवर्तन मोजलं गेलंय तेवढेच घ्या.

कापराबद्दलही तुम्ही जाता जाता विचारलंय. आयआयटी मुंबईत महेश्वर शेरॉन आणि सहकाऱ्यांनी कापरापासून फुलरीन (सी-६०सारखे कार्बनचे पिंजरे) मिळवल्याचं १९९४मध्ये प्रसिद्ध केलं होतं. करून बघायला हरकत नाही, पण स्रोत बदलला म्हणून तपासणी बदलत नाही. वर सांगितलेलं सगळं तिथेही करावंच लागेल.

आता लहान समूह. थोडक्यात सांगायचं तर साठाच्या खाली सगळे पिंजरे नसतात. हे कळलं ते समूहांना हेलियम भरलेल्या नळीतून ओढून. वस्तुमान तेच, पण ऐसपैस आकाराचा आयन वायूत जास्त अडतो आणि उशिरा पोचतो. आटोपशीर पिंजरा आधी येतो. सांता बार्बराच्या मायकेल बॉवर्स यांच्या गटाने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला धन आयनांवर हे केलं. दहाच्या आत सरळ साखळ्या, पुढे वलयं, आणि तिसाच्या आसपास पिंजरे दिसू लागतात. सीमारेषा काटेकोर नाही. एकाच संख्येचे दोन-तीन आकार एकत्र नांदतात, आणि ऋण आयनांचा हिशोब पुन्हा वेगळा. वीस अणूंचं उदाहरण घ्या. वलय, वाटी आणि फक्त पंचकोनांचा पिंजरा, तिन्ही शक्य आहेत. २०००मध्ये फ्रायबर्गच्या प्रिंझबाख यांच्या गटाने तयार हायड्रोकार्बन पिंजऱ्यावर ब्रोमीन चढवून, मग वायुरूपात ब्रोमीन उडवून वीसचा पिंजरा मिळवला, आणि प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटाने तो बाकी दोघांपासून वेगळा दाखवला. वाफेतून आपोआप तो येत नाही. बावीसचा पिंजरा तर पंचकोन-षट्कोनांनी बनतच नाही.

अठरा कार्बनच्या वलयाचं भाग्य जास्त. २०१९मध्ये ऑक्सफर्ड आणि आयबीएमच्या झुरिक प्रयोगशाळेने ५ केल्विनला, मिठाच्या पातळ थरावर, कार्बन मोनॉक्साइडचे गट टप्प्याटप्प्याने तोडत ते जागच्या जागी बनवलं आणि सूक्ष्म सुईच्या टोकाने त्याची प्रतिमा घेतली. बंध सगळे सारखे की आलटून पालटून एकेरी आणि तिहेरी, हा वाद जुना होता. प्रतिमेत आलटून पालटून निघाले. सुट्या समूहाची रचना थेट पाहिली म्हणायची तर ती अशी.

प्रबंधात मी तुमच्या जागी असतो तर असं लिहिलं असतं: वस्तुमान आणि समस्थानिकांचं प्रमाण साठ कार्बनशी जुळतं, घनपदार्थ एफसीसी आहे, बाजू अमुक इतकी, २०० आणि ४००च्या रेषांचा अभाव ३.५५ अँगस्ट्रॉम त्रिज्येच्या फिरत्या गोल कवचाशी सुसंगत आहे. म्हणून पदार्थ सी-६० असल्याचा निष्कर्ष काढला. बंधांच्या लांबी मोजलेल्या नाहीत. "सिद्ध झाली" हे शब्द काढा. परीक्षक या चार ओळींवर प्रश्न विचारू शकतील आणि तुम्हाला प्रत्येकाचं उत्तर देता येईल.

त्याआधी भुकटी निर्वातात तापवून ९ ते १३ अंश आणि २४ ते २९ अंश हे दोन टप्पे पुन्हा घ्या, पायरी ०.०१ अंशाची आणि दर पायरीला भरपूर वेळ देऊन. १०.२, १२.५, २५.१ आणि २६.५ या चार जागी काय दिसतं, आणि ७२१चं ७२०शी प्रमाण किती येतं, ते इथे टाका. सी-७० किती मिसळलंय याचा अंदाज त्यानंतर लावू.